डाळिंबाचं ज्ञान कॉम्प्युटरात भरताना : ओपनरिफाइन आणि प्रोटेजे वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

ज्यांना शेतातलं, धंद्यातलं, कारखान्यातलं अनुभवाचं ज्ञान कॉम्प्युटरमध्ये नीट भरून ठेवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सॉफ्टवेअर दोन आहेत, ओपनरिफाइन (टेबलातली माहिती साफ करायला) आणि प्रोटेजे (ज्ञान प्रकार आणि नियमांत मांडायला), दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि दोन्हींची खासियत अशी की भरणाऱ्या माणसाला ती मधेमधे थांबवून विचारतात, बाबा हे असंच म्हणायचंय ना? हे विचारणं मला एवढं का आवडलं ते सविस्तर सांगते, कारण ह्याच्या आधी आम्ही एक विकतचं ऍप घेतलं होतं, त्याचं नाव घेत नाही, पण त्यात विचारणं हा प्रकारच नव्हता, सगळं आपोआप भरलं जायचं, आणि त्या नादात आमच्या चांगल्या माहितीची पार वाट लागली.

आधी काम काय ते सांगते. आमचा डाळिंबवाल्यांचा गट आहे, सभासद सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर बाजूचे, आणि नोंदींचं सगळं काम मी इथं जुळे सोलापुरात बसून बघते. गटातल्या जुन्या बागायतदारांना जे माहितीय ते नवीन पोरांना मोबाईलवरून विचारता यावं एवढंच आमचं म्हणणं. बाग कधी धरायची, ताण किती द्यायचा म्हणजे झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं, पानगळ कधी करायची, फळावर डाग दिसला तर तो तेल्या आहे का दुसरंच काही, झाडाची एकच फांदी पिवळी पडायला लागली तर मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, लागलीय का. हे कुठं लिहिलेलं नाही असं नाही, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे, त्यांची माहिती आम्ही पाया म्हणूनच धरली. पण ती माहिती आपल्या रानात, आपल्या पाण्यावर कशी बसते हे आमच्या गटातल्या तात्यांसारख्या जुन्या बागायतदाराच्या डोक्यात असतं, आणि तिथून ते बाहेर काढून कॉम्प्युटरमध्ये घालणं हे फार म्हणजे फारच अवघड काम आहे, करून बघितल्याशिवाय कळत नाही.

त्या विकतच्या ऍपचं काय झालं ते ऐका. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ताण किती दिवस. मी तात्यांना विचारलं, तर तात्या म्हणाले, "अगं, कुठल्या रानात? मुरमाड हलकं रान असलं तर झाड लवकर ताणावर येतं, काळ्या भारी रानात ओल धरून राहते, तिथं जास्त दिवस जातात. मी एक आकडा कसा सांगू?" बरोबरच आहे त्यांचं. मग मी रकाना रिकामा ठेवला, आणि त्या ऍपने तो स्वतःच भरून टाकला. त्याच फॉन्टमध्ये, त्याच रंगात, कुठं खूण नाही की हे माणसाने सांगितलंय का मशीनने घातलंय. बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचा हंगाम, कुठला तेही त्याने अंदाजाने धरलं, म्हणजे मृग बहार धरणाऱ्या माणसाच्या नोंदीत आंबे बहाराचं वेळापत्रक येऊन बसलं, आता मृग बहार जून-जुलैचा आणि आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीचा, ह्यात काय फरक पडतो ते बागवाल्याला सांगायला नको. प्रिंट काढली तर खाली माहिती देणार म्हणून तात्यांचं नाव. मी विचारलं, "तात्या, हे तुम्ही सांगितलंय का?" तर म्हणाले, "मी नाही बाई सांगितलं." माणसाच्या नावावर त्याने न सांगितलेली गोष्ट चिकटवायची हे मला अजिबात पटत नाही, आणि शेतीत तर नाहीच नाही, कारण तो कागद बघून कोणीतरी उद्या पाणी तोडणार असतो.

तर आता कामाच्या गोष्टीवर येते.

ओपनरिफाइन. हे 2010 मध्ये मेटावेब कंपनीत फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून सुरू झालं, मग गूगलने ती कंपनी घेतल्यावर गूगल रिफाइन झालं, आणि 2012 पासून ओपनरिफाइन, लोक मिळून चालवतात. ब्राउझरमध्ये उघडतं पण चालतं आपल्याच कॉम्प्युटरवर, डेटा बाहेर कुठं जात नाही, त्यामुळं नेट गेलं तरी काम थांबत नाही. लाईट जाण्याची पण भीती कमी, दर पाच मिनिटांनी ते आपणहून सेव्ह करतं. आणि डाव्या बाजूला अनडू-रिडूमध्ये पहिल्यापासून काय काय बदललं त्याची सगळी यादी राहते, पाहिजे त्या पायरीवर मागं जाता येतं.

आमच्याकडं माहिती आली ती चार लोकांनी चार तऱ्हेने टाईप केलेली. डाळिंब, डाळींब, आंबे बहार, अंबे बहार, इथ्रेल हे पानगळीचं औषध वेगवेगळ्या स्पेलिंगने, तेल्याला कोणी तेल्या लिहिलंय कोणी तेलकट डाग. हजारभर ओळींमध्ये हे हाताने शोधायचं म्हणजे डोळे जातात. ओपनरिफाइनमध्ये क्लस्टर म्हणून सोय आहे, ती असे जवळजवळचे शब्द गोळा करून समोर ठेवते आणि प्रत्येक जोडीपुढं एक चौकोन असतो, एकत्र करायचं का? आपण टिक केली तरच करते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आता मराठीसाठी एक टीप देते, ही कोणी सांगत नाही. त्यात निअरेस्ट नेबर म्हणून पद्धत आहे, तिथं लेव्हेनश्टाइन (दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक ते मोजायची रीत) निवडायचं, आणि ब्लॉक कॅरॅक्टर्स म्हणून आकडा असतो तो आधीपासून 6 असतो, तो 3 करायचा. कारण असं की दोन शब्दांत तेवढी अक्षरं सलग सारखी असली तरच ते त्यांची तुलना करतं, आणि कॉम्प्युटर काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी अक्षरं मोजतो, म्हणजे डाळिंब आणि डाळींब ह्यांच्यात सलग सारखं फक्त ड, काना आणि ळ एवढंच, पुढं वेलांटीच वेगळी. 6 वर ठेवलं तर ही जोडी कधीच दिसणार नाही, 3 केलं की लगेच समोर येते. आमचं निम्मं काम ह्या एका आकड्याने सोपं झालं.

पण त्याच यादीत एक जोडी अशी आली की बघून छातीत धस्स झालं, "2 मिली प्रति लिटर" आणि "3 मिली प्रति लिटर". मशीनच्या हिशोबाने एकाच अक्षराचा फरक, म्हणजे स्पेलिंगची चूक असणार, एकत्र करू का? बिचाऱ्याने विचारलं म्हणून बरं. खाली सगळं निवडा असं बटन आहे, घाईत ते दाबलं असतं तर फवारणीचं प्रमाणच बदललं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. त्यामुळं माझं सांगणं आहे की मात्रा, आकडे, तारखा ह्यांच्या कॉलमवर क्लस्टर चालवूच नका, फक्त नावांच्या कॉलमवर चालवा, आणि एकेक जोडी वाचून टिक करा. वेळ जातो, जाऊ द्या. हजारातली एखादी जोडी असली निघते आणि तिच्यासाठीच वाचायचं असतं.

आता प्रोटेजे. हे शिकायला जड आहे, पहिल्यांदा उघडल्यावर काहीच कळत नाही, सगळं इंग्रजीत, मेनूत मेनू, पण थोडा दम धरा. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क म्युसेन यांनी 1980च्या दशकात ह्याची सुरुवात केली, ती मुळात डॉक्टर लोकांचं ज्ञान कॉम्प्युटरमध्ये भरायला, आणि म्हणून त्याची सगळी बांधणी जाणकार माणूस डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. ह्याच्यात ओळी आणि कॉलम नसतात, ह्याच्यात प्रकार आणि त्यांची नाती भरायची. रोग हा एक प्रकार, त्याच्या खाली तेल्या, मर, आणि रोगाचं कारण जिवाणू का बुरशी का सूत्रकृमी (मुळांतले बारीक जंत) हे नातं. मराठीत नावं देता येतात, फक्त सेटिंगमध्ये जाऊन नवीन नोंदीचा आयडी आपोआप बनू द्यायचा आणि आपलं मराठी नाव लेबल म्हणून ठेवायचं, मग व्ह्यू मेनूतून लेबल दाखवा म्हणायचं. नावात दोन शब्द असले, जसं आंबे बहार, तर नियम लिहिताना ते सिंगल कोटमध्ये लिहावं लागतं. लिहिताना टॅब दाबला की पुढचे शब्द सुचवतं, आणि त्याच्या यादीत नसलेलं नाव टाकलं की खाली लाल रेघ. आमच्या टायपिंगवाल्या पोरीला हे लगेच जमलं, तिला शेतीतलं काही येत नाही पण लाल रेघ दिसली की ती थांबून विचारते, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

खरी ताकद पुढं आहे. ह्याच्यात रिझनर असतो, हर्मिट नावाचा सोबतच येतो. तो आपण भरलेली सगळी वाक्यं एकत्र वाचतो आणि कुठं एकमेकांना छेद जातोय का ते बघतो. आमच्याकडं असं झालं की तेल्याचं कारण एकाने जिवाणू लिहिलं होतं, जे बरोबर आहे, झँथोमोनास नावाचा जिवाणू असतो, आणि दुसऱ्या सभासदाने बुरशी लिहिलं होतं, त्याचं औषधाचं दुकान आहे, बुरशीनाशकाच्या फवारणीबरोबर तेल्याचं नाव नेहमी येतं म्हणून त्याला तसं वाटलं. दोघांनी वेगवेगळ्या वेळी भरलेलं, कोणाच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. रिझनर चालवल्या चालवल्या तेल्या हे नाव लाल झालं. बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं तर बरोबर चार ओळी दाखवल्या, तेल्याचं कारण जिवाणू, तेल्याचं कारण बुरशी, एका रोगाला कारण एकच असतं, आणि जी गोष्ट जिवाणू ती बुरशी असू शकत नाही. बास. ह्या चार गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, ह्यातली कुठली काढायची ते तुम्ही ठरवा, एवढंच त्याचं म्हणणं. आम्ही बुरशीवाली ओळ काढली, त्या दुकानवाल्या सभासदालाही चार ओळी दाखवल्या, त्याला पटलं, वाद झाला नाही.

पण त्याच वेळी मर हे नाव पण लाल झालं होतं. आणि इथं मला हे सॉफ्टवेअर खरं कळलं. मरबद्दल तात्यांनी दोन कारणं सांगितली होती, एक बुरशी आणि दुसरं निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी. टायपिंगवाली पोरगी म्हणाली, ताई ह्यातलं एक काढू का? मी म्हटलं थांब, तात्यांना फोन लाव. तात्या म्हणाले, "दोन्ही खरं आहे की. मुळाला गाठी असल्या की झाड आधीच खचलेलं असतं, मग बुरशी शिरते. आणि खोडाला बारीक भोकं पाडणारा किडा असला तर अजूनच. मर ही एका कारणाने लागत नाही." संशोधन केंद्राच्या माहितीतही तसंच आहे, सेराटोसिस्टिस नावाची बुरशी मुख्य, आणि सूत्रकृमी, खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा हे तिच्या जोडीला. म्हणजे चूक तात्यांची नव्हतीच, चूक त्या तिसऱ्या ओळीत होती, एका रोगाला कारण एकच असतं ही अटच खोटी. ती अट काढली. काढल्याबरोबर मर हा रोग बुरशीजन्य रोगांतही आपोआप दिसायला लागला आणि सूत्रकृमीच्या रोगांतही, पिवळ्या रंगात, म्हणजे हे तुम्ही लिहिलेलं नाही, तुमच्या लिहिण्यावरून मी काढलंय असं ते रंगाने सांगतं. बघा फरक. माणसाचं कुठलं आणि मशीनचं कुठलं हे डोळ्याला दिसतं. आणि लाल दिसलं म्हणजे सांगणारा चुकला असं धरायचं नाही, कधी कधी साचाच चुकीचा असतो, आणि ते जाणकाराला फोन लावल्याशिवाय कळत नाही. ते विकतचं ऍप इथं काय करायचं माहितीय? दोनपैकी एक कारण गुपचूप पुसून टाकायचं.

अजून एक, प्रत्येक वाक्याच्या बाजूला ऍटच्या खुणेचं (@) छोटं बटन असतं, त्यात त्या एका वाक्यापुरती टीप घालता येते. आम्ही तिथं स्रोत लिहितो, कोणी सांगितलं, कुठल्या रानाबद्दल सांगितलं. ताणाचा प्रश्न पण असाच सुटला, हलक्या जमिनीतली बाग आणि भारी जमिनीतली बाग असे दोन प्रकार केले आणि ताणाचा नियम दोन्हींना वेगळा दिला, त्याच्या टिपेत तात्यांचं नाव. तात्यांनी येऊन स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "आता हे माझं आहे." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कमी काय आहे तेही सांगते. प्रोटेजे तुम्ही काय चुकलात ते सांगतं, काय विसरलात ते सांगत नाही. त्याचं तत्त्वच असं आहे की जे लिहिलेलं नाही ते खोटं असं धरायचं नाही, फक्त माहीत नाही एवढंच. जाणकाराच्या दृष्टीने हे चांगलं आहे, पण एखाद्या रोगाची लक्षणं भरायचीच राहून गेली तर तो गप्प बसतो. गंमत म्हणजे हे काम पन्नास वर्षांपूर्वी झालेलं आहे. स्टॅनफर्डमध्येच 1970च्या दशकात मायसिन म्हणून प्रोग्राम होता, रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं औषध द्यायचं ते सुचवणारा, आणि त्यात डॉक्टरांना नवीन नियम भरता यावेत म्हणून रँडल डेव्हिस यांनी टायरेसियस नावाचा मदतनीस प्रोग्राम लिहिला होता. नवीन नियम भरला की तो आधीच्या तसल्याच नियमांशी ताडून बघायचा आणि म्हणायचा की अशा बाकीच्या नियमांमध्ये अमुक गोष्टीचा पण उल्लेख असतो, तुमच्यात नाही, घालायचाय का? किती साधी आणि किती उपयोगाची गोष्ट. विकिडेटा ह्या विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यावर आज नवीन नोंद करताना पुढचे रकाने सुचवतात ते ह्याच जातीचं आहे, तशा प्रकारच्या दुसऱ्या नोंदींमध्ये काय असतं ते बघून सुचवतात. प्रोटेजेमध्ये हे आयतं मिळालं असतं तर मी पाचपैकी पाच स्टार दिले असते. आम्ही जुगाड असा केलाय की आधी सगळं ओपनरिफाइनमध्ये घ्यायचं, तिथं एकेका कॉलमवर फॅसेट बाय ब्लँक लावलं की त्यात किती ओळी रिकाम्या आहेत ते लगेच दिसतं, ती यादी घेऊन परत लोकांना फोन करायचे, आणि मगच प्रोटेजेमध्ये न्यायचं.

चॅटबॉटबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. वापरतो आम्ही, पण एकाच कामाला. तात्या टाईप करत बसणार नाहीत, ते बोलतात, आपण रेकॉर्ड करतो, त्याचं मराठी टायपिंग होतं, आणि त्या लांबलचक बोलण्यातून वाक्य वाक्य सुटं करून टेबलात मांडायला चॅटबॉट चांगला आहे, तासांचं काम मिनिटांत होतं. पण प्रत्येक ओळीपुढं बोलण्यातलं मूळ वाक्य जसंच्या तसं लावून मागायचं, आणि ज्या ओळीला मूळ वाक्य नाही ती ओळ काढून टाकायची. कारण हे चॅटबॉट रिकामी जागा बघून गप्प बसत नाहीत, शोभेल असं काहीतरी घालतात, आणि ते इतकं बरोबर वाटतं की वाचणारा फसतो. त्याने काढलेलं सगळं पुढं ओपनरिफाइन आणि रिझनरच्या खालून गेलंच पाहिजे, सरळ शेतकऱ्याच्या मोबाईलवर नाही.

माझे स्टार : ओपनरिफाइन पाचपैकी पाच, प्रोटेजे पाचपैकी चार, एक स्टार त्या शिकायच्या त्रासाचा आणि विसरलेलं न सांगण्याचा कापला.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी. दोन्ही जावावर चालतात, जुना कॉम्प्युटर असला तर दोन्ही एकदम उघडू नका. प्रोटेजेच्या डेस्कटॉपमध्ये सेल्फी नावाचं प्लगइन असतं, फोटोशी त्याचा काही संबंध नाही, त्याने एक्सेलमधून एकदम माहिती आत घेता येते, फाईल एक्सएलएसएक्स ठेवा, ओपनरिफाइनमधून एक्सपोर्ट करताना तोच प्रकार निवडायचा. दोघातिघांना मिळून भरायचं असेल तर वेबप्रोटेजे बघा, ब्राउझरमध्ये चालतं, एकेका नोंदीखाली चर्चा करता येते आणि कोणी कधी काय बदललं ते राहतं, लांबच्या सभासदांना बरं पडतं. रिझनर मात्र डेस्कटॉपवरच चालवायचा, आणि काही बदललं की परत सिंक्रोनाइझ करायला विसरायचं नाही, नाहीतर जुनाच निकाल दिसत राहतो. सुरुवात एकाच रोगापासून करा, आम्ही तेल्यापासून केली, लक्षणं, कारण, कुठल्या हवेत वाढतो, एवढंच, आणि रिझनर चालवून बघा. सोलापुरात कोणाला चादरीच्या, टॉवेलच्या कारखान्यातलं काम असं भरायचं असेल, ताण्याबाण्याचं, जकार्डचं, तर हाच रस्ता चालेल, फक्त शेजारी जुना मास्तर बसवून घ्या आणि तो हो म्हणेपर्यंत एकही ओळ पक्की करू नका.